मासेमारीच्या पर्यायी रीती व त्यांचे नियमन, अमेरिकन राज्यांतील

काठी, दोरा आणि एखाद-दुसरा गळ यांखेरीज अन्य साधनांनी, किंवा नुसत्या हातांनी, गोड्या पाण्यातील मासे पकडण्याच्या ज्या रीती आहेत, त्यांना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) मासेमारीच्या पर्यायी रीती असे संबोधतात. लांब दोरीवर ओळीने बांधलेले गळ, तरंगत्या डब्याला किंवा काठावरच्या फांदीला बांधून ठेवलेला दोरा, भाला, धनुष्यबाण, उघड्या आकड्याने हिसका देऊन मासा अडकविणे आणि बिळात हात घालून तो धरणे, या त्यांपैकी प्रमुख रीती होत. आमिषासाठी लहान मासे, क्रेफिश, बेडूक, कृमी इ. प्राणी गोळा करणे आणि कासवे धरणे यांचे नियमही बहुतेक राज्ये याच्याच जोडीने देतात. वरवर पाहता या तिन्ही गोष्टी भिन्न आहेत; परंतु त्या करणारी माणसे पुष्कळदा तीच असतात आणि त्यांतील बहुतेक प्राणी दीर्घकाळ कवडीमोलाचे समजले गेले, हे त्यांतील साम्य महत्त्वाचे आहे. हौशी मासेमारांचे आवडते ट्राउट, बास, वॉलाय यांसारखे मासे ‘शिकारीचे मासे’ ठरून त्यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संरक्षण मिळत गेले. उरलेल्यांचा विचार बराच उशिरा झाला.

कायद्याचा पाया : नद्या व सरोवरे यांतील मासे कोणाच्या खाजगी मालकीचे नसून राज्य हे जनतेच्या वतीने त्यांचे विश्वस्त असते, या कल्पनेवर सर्व नियम उभारलेले आहेत. इंग्लंडच्या राजसत्तेकडे असलेला हा अधिकार स्वातंत्र्यानंतर राज्यांकडे आला, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने न्यू जर्सीतील कालवांच्या जागेसंबंधीच्या खटल्यात १८४२ मध्ये सांगितले. १८९६ मधील ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या निर्णयाने त्याही पुढे जाऊन, वन्य प्राणी राज्याच्या मालकीचे असल्याने राज्य ते आपल्या सीमेबाहेर नेण्यास बंदी करू शकते, असे ठरविले. हे तत्त्व पुढे सु. ८० वर्षे टिकले आणि ते मोडीत निघण्यास कारण झाले आमिषाचे चिमुकले मासे.

ओक्लाहोमा राज्याच्या कायद्याने तेथील नैसर्गिक पाण्यात पकडलेले आमिष-मासे विक्रीसाठी राज्याबाहेर नेण्यास मनाई होती. टेक्ससमधील एका आमिष-विक्रेत्याने परवानाधारक व्यापाऱ्याकडून असे मासे विकत घेऊन सीमेपलीकडे विचिटा फॉल्स येथे नेले व त्याच्यावर खटला झाला. ‘ह्यूझ विरुद्ध ओक्लाहोमा’ (१९७९) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गीअर निर्णय रद्द केला. राज्यातल्या राज्यात परवानाधारकाने कितीही मासे पकडावेत, त्याला मर्यादा नाही. मात्र सीमा ओलांडली की गुन्हा, हे संवर्धन नसून आंतरराज्य व्यापारातील पक्षपात आहे, असा त्याचा आशय होता. यानंतर सातच वर्षांनी ‘मेन विरुद्ध टेलर’ (१९८६) हा खटला आला. बाहेरून जिवंत आमिष-मासे आणण्यास मेन राज्यात बंदी असताना एका विक्रेत्याने १,५८,००० सोनेरी शायनर मासे आणविले होते. या माशांबरोबर येणारे परजीवी मेनमधील वन्य माशांत आढळत नाहीत आणि एवढ्या लहान माशांची मोठ्या संख्येने तपासणी करण्याची खात्रीलायक पद्धत उपलब्ध नाही, हे पुराव्याने सिद्ध झाल्यामुळे ही बंदी मात्र वैध ठरली. दोन्ही खटले आमिषाच्या माशांचेच. परंतु एकात राज्य हरले व दुसऱ्यात जिंकले. जीवशास्त्रीय कारण दाखविल्याशिवाय केवळ मालकीच्या आधारे नियम टिकत नाही, हा त्यांतून निघालेला निष्कर्ष पुढील सर्व नियमांच्या मुळाशी आहे. याखेरीज १९०० चा लेसी अधिनियम हा संघराज्याचा कायदा असून एका राज्याचा नियम मोडून मिळविलेले प्राणी दुसऱ्या राज्यात नेणे त्याखाली गुन्हा ठरते.

गळाच्या ओळी : दोन टोकांस बांधलेल्या लांब दोरीला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या व त्यांना गळ लावून ती रात्रभर पाण्यात सोडून द्यावयाची, ही मिसिसिपी व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांतील जुनी रीत होय. तीत मुख्यत्वे मार्जारमीन (कॅटफिश) सापडतात. माणूस जवळ नसतानाही गळ काम करीत राहतो, हा या रीतीचा गुण आणि हाच तिचा दोष. विसरलेली दोरी मासे मारीतच राहते. त्यामुळे नियमांचा भर गळांची संख्या, मालकाच्या नावाची खूणचिठ्ठी आणि दोरी तपासण्याची मुदत यांवर असतो. मिसूरी राज्यात एका व्यक्तीला सर्व दोऱ्या मिळून सामान्यतः ३३ गळ वापरता येतात. मिसिसिपी नदीवर ही मर्यादा ५० आहे आणि दोऱ्या २४ तासांतून किमान एकदा तपासाव्याच लागतात.

भाला व धनुष्य : मिसूरी व आर्‌कॅन्सॉ यांच्या सीमेवरील ओझार्क डोंगराळ प्रदेशात हिवाळ्याच्या रात्री सपाट बुडाच्या लांब होडीतून दिव्याच्या उजेडात लांब दांड्याच्या काटेरी भाल्याने ‘सकर’ जातीचे मासे टिपण्याची प्रथा आहे. पूर्वी लोखंडी जाळीच्या टोपलीत पाइनची राळयुक्त लाकडे पेटवून उजेड करीत. नंतर वायूचे कंदील आले आणि आता विद्युत् जनित्रावरील प्रखर दिवे असतात. पकडलेले मासे खडकाळ काठावर तिथल्या तिथे तळून खाण्याचा सामाजिक सोहळा या प्रथेचाच भाग आहे. हिवाळ्यात पाणी नितळ असते व माशांच्या विणीचा काळ लांब असतो, म्हणून हंगाम मुख्यतः शरद व हिवाळा या ऋतूंत ठेवलेला आहे.

धनुष्यबाणाने मासे मारताना बाणाला दोरा बांधलेला असतो. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, म्हणून नेम त्याच्या खाली धरावा लागतो. गळाला लागलेला लहान मासा परत सोडता येतो. बाण लागलेला सोडता येत नाही. यामुळे आकारमानाची मर्यादा येथे फारशी उपयोगी पडत नाही व बहुतेक राज्यांनी ही रीत ‘रफ फिश’ म्हणजे हलक्या प्रतीचे समजले जाणारे गार, बफेलो, बोफिन, कार्प यांसारखे मासे यांच्यापुरती मर्यादित ठेवली. त्या माशांच्या संख्येवर मात्र अनेक ठिकाणी काहीच मर्यादा नव्हती. युरोपातून आणलेला सामान्य कार्प आणि मूळचा बफेलो यांना एकाच वर्गात बसविणे ही या वर्गीकरणातील मोठीच चूक होय. कर्णाश्मांच्या (माशाच्या कानातील अश्मयुक्त पिंडांच्या) वार्षिक वलयांवरून मोठ्या तोंडाचा बफेलो ११२ वर्षांपर्यंत जगतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शतायुषी माशाची अमर्याद शिकार चालू देणारा नियम अज्ञानातून आलेला होता, हे त्यावरून उघड झाले. टेक्ससने मोठ्या ॲलिगेटर गार माशांची संख्या राखण्यासाठी २००९ मध्ये दररोज माणशी एकच मासा, अशी मर्यादा घातली.

भाल्याच्या प्रश्नाला एक वेगळी, तीव्र राजकीय बाजूही आहे. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागातील ओजिब्वे या आदिवासी लोकांनी १८३७ व १८४२ च्या तहांनी जमिनी देताना मासेमारीचा व शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. वसंत ऋतूत विणीसाठी उथळ पाण्यात येणारे वॉलाय मासे मशालीच्या उजेडात भाल्याने मारण्याची त्यांची परंपरा आहे. लाक द्यु फ्लाँबो या वस्तीचे फ्रेंच नाव या मशालींवरूनच पडले. राज्याने आपल्या नियमांखाली ही प्रथा बंद पाडली होती. १९८३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने तहांतील हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर काही वर्षे होड्या उतरविण्याच्या घाटांवर विरोधकांचे जमाव जमून शिवीगाळ व दगडफेक होत असे. आदिवासी हक्क मान्य केले तर सरोवरे रिकामी होतील, ही भीती खरी ठरली नाही. कारण प्रत्येक सरोवरासाठी आधी कोटा ठरतो आणि काठावर आणलेला मासा मोजला व मापला जातो. हौशी मासेमारांच्या पकडीची अशी एकेका माशाची मोजदाद होत नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मिनेसोटातील अशाच हक्कांना सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली.

हिसका-गळ : चमच्यासारख्या लांब चपट्या तोंडाचा पॅडलफिश पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून खातो, त्यामुळे तो आमिषाला लागत नाही. त्याला पकडण्यासाठी मोठा उघडा आकडा पाण्यातून जोराने ओढून शरीरात अडकवितात. एरव्ही शिकारीच्या माशांसाठी निषिद्ध असलेली ही रीत पॅडलफिशसाठी विहित आहे. मिसूरीत तिचा हंगाम १५ मार्चपासून ३० एप्रिलपर्यंत असतो. ओसेज नदीवरील ट्रूमन धरणामुळे या माशाची विणीची जागा तुटली आणि तेव्हापासून तेथील साठा राज्याच्या मत्स्यबीज केंद्रातून सोडलेल्या पिलांवर टिकून आहे. कास्पियन समुद्रातील स्टर्जन माशांची अंडी दुर्मिळ झाल्यावर पॅडलफिशच्या अंड्यांना ‘कॅव्हिअर’ म्हणून मोठी किंमत येऊ लागली. वॉर्सॉ या लहानशा गावी राज्य व संघराज्य यांच्या अधिकाऱ्यांनी वेषांतर करून केलेल्या तपासानंतर मार्च २०१३ मध्ये शंभरांहून अधिक संशयितांवर कारवाई झाली.

हातांनी पकडणे : फ्लॅटहेड मार्जारमिनाचा नर उन्हाळ्याच्या प्रारंभी काठाच्या बिळात किंवा पोकळ ओंडक्यात अंड्यांची राखण करतो. त्या बिळात हात घातला की तो चावतो आणि चावलेल्या हातानेच त्याला जबड्यात धरून बाहेर ओढतात. प्रांतपरत्वे या रीतीला नूडलिंग, हॉगिंग, ग्रॅब्लिंग अशी नावे आहेत. बिळात कधीकधी मासा नसून बीव्हर किंवा चावरे कासव निघते, तेव्हा हा खेळ अंगाशी येतो. बुडून मृत्यूही झालेले आहेत. मिसूरीने २००५ मध्ये तीन नद्यांच्या ठराविक भागांत प्रायोगिक हंगाम सुरू केला व २००७ मध्ये तो थांबविला. राखण करणारा नर नेला की अंडी इतर माशांच्या तोंडी पडतात, हा जीवशास्त्रज्ञांचा मुख्य आक्षेप होता. ओक्लाहोमात मात्र ही रीत चालत आलेली असून टेक्ससने ती २०११ मध्ये कायदेशीर केली. एकाच माशासंबंधी शेजारी राज्यांनी असे परस्परविरुद्ध निर्णय घ्यावेत, याचे कारण जीवशास्त्रापेक्षा त्या त्या प्रदेशातील लोकमतात अधिक शोधावे लागेल.

स्फोटके, विष व विद्युत् प्रवाह यांना जवळजवळ सर्वत्र मनाई आहे. भारतात १८९७ च्या मत्स्य अधिनियमाने स्फोटके व विष यांवर घातलेली बंदी याच स्वरूपाची होय. दक्षिणेकडील राज्यांत जुन्या दूरध्वनियंत्रातील हाताने फिरविण्याच्या जनित्राने पाण्यात प्रवाह सोडून मार्जारमीन वर आणण्याची युक्ती प्रचलित होती. तिला गमतीने ‘माशांना टेलिफोन करणे’ म्हणत.

आमिष गोळा करणे : लहान ओढजाळे, पाग, पिंजरा व दांड्याचे जाळे ही येथील नेहमीची साधने. जाळ्याची लांबी व आसाचे माप ठरवून देतात, म्हणजे मोठे मासे आमिषाच्या नावाखाली पकडले जात नाहीत. माणशी संख्येचीही मर्यादा असते; मिसूरीत शिकारीचे नसलेले लहान मासे, क्रेफिश इ. मिळून ती दररोज १५० आहे. मोठ्या प्रमाणावरील पुरवठा आर्‌कॅन्सॉमधील लोनोक परिसरातील मत्स्यशेतांतून होतो.

आमिष संपेल, ही भीती यामागे फारशी नाही; आमिष दुसरीकडे पोहोचेल, ही खरी भीती आहे. मासेमार दिवसाअखेर डब्यातील उरलेले प्राणी दयाबुद्धीने पाण्यात सोडून देतो व घरी जातो. मूळच्या ओहायो खोऱ्यातील तांबूस क्रेफिश अशाच डब्यांतून विस्कॉन्सिनच्या सरोवरांत पोहोचला आणि त्याने तेथील पाणवनस्पतींचे तळ उजाड केले. चीनमधून मत्स्यसंवर्धनासाठी आणलेल्या रुपेरी कार्पची पिले येथील मूळच्या शॅड माशांच्या पिलांसारखी दिसतात, त्यामुळे जाळ्यात एकत्र आलेली ती ओळखू येत नाहीत. म्हणून अनेक राज्यांनी आमिष ज्या पाण्यात पकडले त्याच पाण्यात वापरावे, असे बंधन घातले. २००५–०६ मध्ये पंचमहासरोवरांत रक्तस्रावी विषाणुरोगाने मासे मोठ्या प्रमाणावर मेले, तेव्हा ऑक्टोबर २००६ मध्ये संघराज्याच्या कृषिखात्याने सरोवरांलगतची आठ राज्ये व कॅनडाचे दोन प्रांत यांमधून जिवंत माशांच्या वाहतुकीवर तातडीचे निर्बंध जारी केले. विस्कॉन्सिनात तेव्हापासून सरोवर सोडताना होडीतील पाणी काढून टाकणे सक्तीचे आहे.

गांडुळांचे उदाहरण अधिकच विलक्षण आहे. मिनेसोटाचा बहुतेक भाग शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली होता आणि त्यानंतर तेथील अरण्यांत मूळची गांडुळे नव्हती. शेतीत वरदान ठरणारे युरोपीय गांडूळ तेथे मासेमारांनी टाकलेल्या आमिषातूनही पसरले. ते जमिनीवरील पालापाचोळ्याचा थर खाऊन टाकते व त्यावर वाढणारी रानफुले आणि रोपे नाहीशी होतात. मेनच्या किनाऱ्यावर मात्र प्रश्न खऱ्या अर्थाने संग्रहाचाच आहे. तेथे ओहोटीच्या वेळी चिखलातून आखूड दांड्याच्या दाताळ्याने रक्तकृमी खणून काढतात व ते समुद्रातील मासेमारीसाठी दूरदूर पाठविले जातात. खणणाऱ्यास परवाना लागतो व केवळ हाताने चालविण्याच्या अवजारांनाच मुभा आहे.

कासवे धरणे : भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गोड्या पाण्यातील बहुतेक कासवे पकडणे हाच गुन्हा असल्याने, कासवांचा अधिकृत हंगाम ही कल्पना आपल्या वाचकास चमत्कारिक वाटेल. अ. सं. सं.मध्ये चावरे कासव (चेलिड्रा सर्पेंटायना) व मऊ पाठीची कासवे यांचे मांस फार पूर्वीपासून खाल्ले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीतील टेरपिन कासवाच्या सुपाने धनिकांच्या मेजवान्यांत मानाचे स्थान मिळविले आणि ते कासव जवळजवळ नाहीसे केले. [⟶ कासव].

कासवे आमिष लावलेल्या कडीच्या जाळ्यात धरतात. त्यांना श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते. जाळे पूर्ण बुडालेले असेल तर ती गुदमरून मरतात. म्हणून जाळ्याचा काही भाग पाण्याबाहेर ठेवणे, त्यावर नावाची खूणचिठ्ठी लावणे व ते नियमितपणे तपासणे आवश्यक असते. न्यूयॉर्कने याच्या अगदी उलट मार्ग धरला. तेथे चावरे कासव केवळ बंदुकीने किंवा धनुष्याने मारता येते, जाळ्याने धरता येत नाही.

कासवांचा प्रश्न माशांच्या मापाने मोजता येत नाही, हे समजण्यास फार वेळ लागला. माशाची मादी हजारो अंडी घालते. एका वर्षाची हानी पुढील चांगल्या वर्षी भरून निघू शकते. मिशिगनमधील ई. एस. जॉर्ज राखीव क्षेत्रात चालविलेल्या दीर्घ अभ्यासात चावऱ्या कासवाची मादी साधारण ११ ते १६ वर्षांची झाल्यावर प्रथम अंडी घालते, असे आढळले. घरट्यांतील अंडी बहुतांशी रॅकून, कोल्हे इ. प्राणी फस्त करतात. तरीही संख्या टिकते, ती प्रौढ मादी अनेक दशके जगते म्हणून. पंधरा वर्षांवरील प्रौढांच्या वार्षिक मृत्युप्रमाणात दहा टक्के भर पडली, तर वीस वर्षांच्या आत प्रौढांची संख्या निम्मी होईल, असा हिशेब या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मांडला. कॅनडातील अल्गाँक्विन उद्यानात १९८० नंतरच्या दशकात पाणमांजरांनी काही हिवाळ्यांत तेथील पुष्कळ प्रौढ कासवे मारली. दोन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही ती संख्या भरून आली नव्हती. ही हानी निसर्गानेच केली होती; जाळ्यांनी दरवर्षी होणारी हानी तर थांबतच नाही.

१९९० नंतर चीनमधील मागणीमुळे निर्यात झपाट्याने वाढली, तेव्हा स्थानिक खाण्यापुरते केलेले नियम अपुरे पडले. लुइझियानाने २००४ मध्ये ॲलिगेटर स्नॅपिंग या महाकाय कासवाच्या व्यापारी संग्रहास बंदी केली. टेक्ससने २००७ मध्ये सार्वजनिक पाण्यापुरती व २०१८ मध्ये सरसकट सर्व गोड्या पाण्यातील कासवांच्या व्यापारी संग्रहास मनाई केली. फ्लॉरिडात २००९ मध्ये वन्य कासवांची विक्री थांबली. आयोवाने २०१७ पासून १५ मे ते १५ जुलै हा अंडी घालण्याचा काळ बंद ठेवला. विस्कॉन्सिनात हंगाम १५ जुलै ते ३० नोव्हेंबर असून पाठीचे कवच १२ ते १६ इंचांच्या (सु. ३०–४० सेंमी.) दरम्यान असलेलेच चावरे कासव नेता येते. ही वरची मर्यादा विशेष विचारपूर्वक घातलेली दिसते. केवळ किमान माप ठरविणारी राज्ये लहान कासवे वाचवितात व नेमक्या मोठ्या, अंडी देणाऱ्या माद्यांवर भार टाकतात. लहान कासवांतील बहुतेक तशीही मरणारच असतात. ज्यांना वाचवायचे त्या मोठ्या माद्या होत.

परवान्याचा फरकही लक्षणीय आहे. घरी खाण्यापुरती थोडी कासवे नेण्यास अनेक राज्ये साध्या मासेमारीच्या परवान्यावर मुभा देतात. व्यापारी संग्राहकास वेगळा परवाना घेऊन पकडीची नोंद द्यावी लागते. प्रदूषित पाण्यातील जुन्या कासवांच्या चरबीत विषारी क्लोरिनयुक्त संयुगे साठतात, म्हणून शिजविण्यापूर्वी चरबी काढून टाकण्याचा सल्ला आरोग्य खाती देतात. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीच्या कराराच्या २०२२ मधील पनामा येथील परिषदेत चावरे कासव, ॲलिगेटर स्नॅपिंग कासव आणि उत्तर अमेरिकेतील मऊ पाठीची कासवे यांचा दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. त्यामुळे ती निर्यात करण्यापूर्वी संग्रहामुळे जातीच्या अस्तित्वास धोका पोहोचत नाही, असा निर्वाळा संघराज्याच्या शास्त्रीय अधिकाऱ्यांनी द्यावा लागतो. [⟶ मत्स्योद्योग].